न मोजलेले चाक

श्री. सखाराम धोंडिबा ओव्हाळ यांची आणि माझी पहिली भेट १९६२ साली चिंचवड स्टेशनजवळच्या एका गिअरच्या कारखान्यात, एका फळ्यासमोर झाली. मी त्याच दिवशी तपासनीस म्हणून रुजू झालो होतो. मिलिंग मशीनच्या मागच्या भिंतीवर काळा रंग दिलेला एक पत्रा टांगलेला होता. त्यावर खडूने एकपासून दीडशेपर्यंतचे आकडे तीन रांगांत मांडले होते. पहिल्या रांगेवर ‘सरळ’, दुसरीवर ‘भोकांवर’ आणि तिसरीवर ‘अडेल, म्हंजे मुळ संख्या’ असे मथळे होते. त्याआधी बारा वर्षे मी शाळेत मराठी शिकवले होते. हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला. ‘मु’ पुसून मी तो दीर्घ केला. मागून शांत आवाज आला, “साहेब, ऱ्हस्व-दीर्घ तुमी बघा. भागतंय का न्हाई, त्ये मी बघतो.”

वीस वर्षे झाली. कारखान्यात ज्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणतात ते श्री. ओव्हाळ या महिनाअखेर साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त होत आहेत. गौरवसमितीने गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला, त्याला तीन आठवडे होऊन गेले. एवढ्या मजकुराला मला तीन दिवस पुरले असते. परंतु मास्तरांच्या सेवापुस्तकात एक प्रतिकूल शेरा आहे, तो असत्य आहे, आणि तो असत्य आहे हे जाणणारी आज दोनच माणसे उरली आहेत. त्यांतले एक बोलणार नाहीत. दुसरा मी. ते निवृत्त झाले की पुस्तक बंद होईल आणि शेरा कायमचा राहील. म्हणून हा लेख जसा लिहिला जायला हवा तसा लिहिण्याचे धैर्य मी तीन आठवडे गोळा करत होतो.

प्रथम त्यांच्या कामाविषयी. गिअरचे दाते कापताना चाक प्रत्येक वेळी नेमके तेवढेच फिरवावे लागते. त्यासाठी मशीनवर विभागणीचे एक उपकरण बसवतात. त्याचे हँडल चाळीस वेळा फिरवले की चाकाची एक फेरी पूर्ण होते. वीस दाते हवे असतील तर प्रत्येक दात्यामागे दोन फेरे. हे झाले ‘सरळ’. जिथे फेऱ्याचा अपूर्णांक येतो तिथे भोकांच्या गोल रांगा असलेली तबकडी मदतीला येते. ती झाली दुसरी रांग. आणि ज्या संख्येसाठी कोणत्याच तबकडीत योग्य रांग नसते ती ‘अडेल’. त्रेपन्न, एकोणसाठ, सदुसष्ट, एकाहत्तर, एकशे एक. मास्तरांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण एकामागून एक चाके कापता कापता, ज्यांना एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजकच नाही अशा संख्यांची ओळख त्यांना बोटांनी झाली होती.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना दाखवून दिले की तिसऱ्या रांगेतले एकावन्न मूळ संख्या नाही. ती तीन गुणिले सतरा आहे. ते हसले. “मला ठावं हाय साहेब. पन माझ्या तबकडीला ठावं न्हाई. एकावन्न भोकांची रांग तिच्याकडं कुठंय?”  संख्येचा स्वभाव वेगळा आणि यंत्राची सोय वेगळी, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रा पुसून पुन्हा लिहिला. मूळ संख्यांभोवती वर्तुळ, संयुक्त संख्यांखाली त्यांचे विभाजक, आणि रांगा पूर्वीच्याच. विभाजक, सहमूळ, मसावि हे शब्द मी दिले. बाकी सारे त्यांचे.

एक हा आकडा कोठे लिहावा यावर जेवणाच्या सुट्टीत वाद झाला. तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही, असे मी सांगितले. शेजारच्या लेथवरचे बन्सी थोरात डबा बंद करत म्हणाले, “मग एक म्हणजे आपले मालक की हो. सगळ्यांना भागतात, पण रांगेत कुठंच उभे राहत नाहीत.” मास्तरांनी एक आकडा पत्र्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, मालकांच्या खोलीच्या दिशेला लिहिला. मालकांना त्याचा अर्थ अखेरपर्यंत कळला नाही.

त्यांच्या विचाराची खोली मला पहिल्यांदा जाणवली ती पंपाच्या एका जोडीमुळे. नकाशात लहान चाकाला वीस आणि मोठ्याला चाळीस दाते होते. जोडी दर काही महिन्यांनी झिजून परत येई. मास्तरांनी मोठे चाक एक्केचाळीस दात्यांचे करण्याची परवानगी मागितली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “वीस-चाळीसात ह्यो दात रोज त्याच दोघांना भेटतोय. एकाला खोड असली की त्याच दोघांचं वाटोळं. एक्केचाळीस क्येलं की सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडती. झीज वाटून जाती.” ती जोडी पुन्हा तक्रारीसाठी आली नाही.

मास्तरांची नोकरी मात्र तेव्हा तात्पुरती होती. दर सहा महिन्यांनी जुने कार्ड फाडायचे, चार दिवस घरी बसवायचे आणि नवे कार्ड द्यायचे, अशी रीत होती. त्या चार दिवसांत पिंपळे गुरवच्या त्यांच्या खोलीत काय चालत असेल याचा अंदाज पाचव्या दिवशी त्यांचा चेहरा पाहून येई. परत बोलावतील की नाही, हे कधीच निश्चित नसे. अशी कितीतरी कार्डे फाटल्यानंतर मालकांनी त्यांना कायम करण्याचे ठरवले. पत्र टंकलिखित होऊन मालकांच्या खणात पडले होते. पुढच्या एक तारखेला ते द्यायचे होते, आणि हे सर्वांना माहीत होते. मास्तरांच्या घरीही.

त्याच महिन्यात एकशे सत्तावीस दात्यांच्या चार चाकांचे काम आले. मेट्रिक मापे नुकतीच सक्तीची झाली होती आणि परिसरातले बहुतेक लेथ इंचांचे होते. इंचाच्या लेथवर बोल्टला मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मध्ये एकशे सत्तावीस दात्यांचे चाक लागते. पाच इंच म्हणजे एकशे सत्तावीस मिलिमीटर, म्हणून दुसऱ्या संख्येने ते नेमके साधत नाही. आणि एकशे सत्तावीस ही मूळ संख्या. तिच्यासाठी मास्तर एकशे अठ्ठावीसची विभागणी धरत आणि उपकरणाच्या मागे काही गिअर जोडून तबकडीलाच हळूहळू पुढे सरकवत. पूर्ण फेरीत एक दाता कमी होई. या गिअरांमध्ये ‘आयडलर’ नावाचे एक मधले चाक असते. ते फक्त दिशा ठरवते. आयडलर एक जास्त लागला तर तबकडी उलटी सरकते, आणि एक दाता कमी होण्याऐवजी एक वाढतो. एकशे सत्तावीसच्या जागी एकशे एकोणतीस होतात. दिसायला दोन्ही चाके सारखीच.

मास्तरांनी दोन चाके शुक्रवारी कापली. मध्येच दुसरे तातडीचे काम आल्याने उपकरण उतरवावे लागले, आणि शनिवारी पुन्हा बसवून त्यांनी उरलेली दोन कापली. चारही चाके माझ्या टेबलावर आली. मी व्यास मोजला, मधले छिद्र मोजले, दात्यांची खोली मोजली. पहिल्या चाकाचे दाते मोजले. ते एकशे सत्तावीस भरले. उरलेल्या तिघांचे मोजले नाहीत. मास्तरांचे काम तोवर कधी चुकले नव्हते, आणि शनिवारी मला लवकर निघायचे होते. मी चारही चाकांवर माझा शिक्का उठवला आणि नोंदवहीत माझ्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात चार वेळा लिहिले : ‘दाते मोजले. १२७. योग्य.’ कारखान्यात ती एकच वही शुद्ध मराठीत लिहिली जाई आणि मला तिचा अभिमान होता. त्या चार ओळींपैकी तीन खोट्या होत्या.

दोन आठवड्यांनी चाकणहून निरोप आला. तिथल्या किसनराव शेवकरी यांनी चौघांपैकी एक चाक आपल्या लेथला लावले होते. त्यांच्या बोल्टवर नट तीन-चार आटे सरळ जाई आणि मग जाम होई. मालकांनी निरोप उडवून लावला. खेड्यातल्या माणसाला लेथवरचा तक्ता वाचता येत नसेल, एवढेच ते म्हणाले. मला हायसे वाटले. मास्तरांना वाटले नाही. ते निरोपाचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“साहेब, गडी तक्त्यात चुकला असता तर नट पयल्याच आट्याला अडला असता,” ते म्हणाले. “तीन-चार आटे जातंय, म्हंजे फरक बारीक हाय. एका-दोन दाताचा. शनवारी मी येक आयडलर जादा लावला का काय, आठवंना झालंय. तुमी मोजलं व्हतं न्हवं?”

मी म्हणालो, “मोजले होते.”

त्यांनी मान डोलावली. माझ्या शब्दावर त्यांनी स्वतःच्या शंकेपेक्षा अधिक विश्वास ठेवला. तरी दोन दिवस ते अस्वस्थ होते. शनिवारी सुटताना म्हणाले की उद्या चाकणला जाऊन डोळ्यांनी पाहून येतो, तुम्ही आलात तर बरे. एक तारखेला सहा दिवस उरले होते. नाही म्हणण्यासाठी मला एकही सबब सुचली नाही.

रविवारी सकाळी नाशिक फाट्यावरून आम्ही एसटीने निघालो. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात खडूचा एक तुकडा होता. मध्येच हात लावून तो आहे ना हे ते पाहत होते. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. प्रत्येक थांब्यावर मी ठरवत होतो की आता सांगावे. वाक्य मनात तयार होते, कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागच्या जागी. मास्तर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, घरी बायकोने पत्र ठेवायला पत्र्याची पेटी रिकामी करून ठेवली आहे. माझे वाक्य तोंडाबाहेर आले नाही.

किसनराव शेवकऱ्यांचे दुकान म्हणजे पत्र्याच्या छपराखाली एक लेथ आणि एक ड्रिल. त्यांनी आमच्यापुढे तांब्याभर पाणी ठेवले आणि सरळ विषयाला हात घातला. “शेतकऱ्याचा पंप खोळंबलाय राव माझ्यामुळं. आन तुमचा मालक म्हनतो, मला वाचता येत न्हाई. लेथवरची पाटी वाचूनच चाक लावलंय की. आवाज करतंय, पन नवं हाय म्हनून म्हटलं बसंल हळूहळू.”

मास्तरांनी लेथचे झाकण काढले. चाकाच्या एका दात्यावर खडूने फुली मारली आणि तिथून दर तिसऱ्या दात्यावर एक ठिपका देत चाक हाताने फिरवू लागले. ही त्यांची स्वतःची पद्धत होती. एकशे सत्तावीसला तीनने भाग जात नाही, एक उरतो. म्हणून चाक बरोबर असेल तर फेरी संपताना ठिपका फुलीच्या अलीकडच्या दात्यावर पडायला हवा. तो फुलीवरच पडला तर संख्येला तीनने भाग जातो आणि चाक चुकले आहे. शेवकरी वाकून पाहत होते. मी उभाच होतो. ठिपके पुढे पुढे सरकत होते. अखेरचा ठिपका नेमका फुलीवर पडला.

 फुली पुसून मास्तरांनी एकेक दाता मोजला. एकशे एकोणतीस. तीन गुणिले त्रेचाळीस. मग त्यांनी चाकाच्या बाजूवर अंगठा फिरवला. तिथे माझा शिक्का होता. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्यांना सर्व समजले हे मला समजले.

“ह्यो शिक्का कुनाचा?” शेवकऱ्यांनी विचारले.

“कंपनीचा,” मास्तर म्हणाले. “चूक माझी हाय, भाऊ. चाक आमी घिऊन जातो. चार रोजात दुसरं आनून देतो. तुमचं वाचन बराबर हाय.”

परतीच्या एसटीत ते चाक गोणपाटात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतले होते. मी म्हणालो, “मास्तर, मी...” त्यांनी मला पुढे बोलू दिले नाही. “पयलं मोजलं असंल तुमी. ऱ्हायलेली मीच मोजाया पायजे व्हती.” बस्स, एवढेच.

सोमवारी सकाळी त्यांनी चाक मालकांच्या टेबलावर ठेवले आणि आयडलरची चूक सांगितली. दुसरे चुकलेले चाक पिंपरीच्या व्यापाऱ्याकडे न विकता पडून आहे, ते आजच परत आणतो, असेही सांगितले. कोणी विचारले नव्हते. ते गप्प राहिले असते तर चार दिवसांनी पत्र त्यांच्या हातात पडले असते. मालकांनी मला बोलावून नोंदवही मागवली. त्यांनी माझ्या त्या चार ओळी वाचल्या आणि विचारले, “दामले, तुम्ही मोजले होतेत?”

मी उत्तर दिले, “नोंदवहीत तशी नोंद आहे.”

वाचकहो, हे वाक्य निर्दोष आहे. त्यात व्याकरणाची चूक नाही आणि काटेकोर पाहिले तर असत्यही नाही. आयुष्यात मी रचलेल्या वाक्यांत ते सर्वांत नीच आहे. त्यावरून मालकांनी जो अर्थ काढायचा तो काढला. तपासलेली चाके बरोबर होती तर चुकलेली दोन कोणीतरी नंतर कापून त्यांतल्या दोघांच्या जागी न तपासताच पाठवली असणार, आणि माझ्या उघड्या पेटीतला शिक्का घेऊन त्यांवर उठवला असणार. ते मास्तरांकडे वळले. “म्हणजे शिक्का तू मारलास.”

मास्तर माझ्याकडे वळलेही नाहीत. म्हणाले, “चाक मी चुकिवलं, साहेब. त्याबद्दल काय त्ये लिवा.”

मालकांनी लिहिले. ‘तपासणीचा शिक्का परवानगीविना वापरला.’ पत्र पुन्हा खणात गेले. सहा महिन्यांचे कार्ड पुन्हा फाडले गेले, पुन्हा नवे दिले गेले, आणि हे आणखी तीन वर्षे चालले. त्या तीन वर्षांत प्रत्येक वेळी त्यांच्या चार दिवसांच्या सक्तीच्या सुट्टीत मी कारखान्याच्या फाटकाकडे पाहत असे. ते पाचव्या दिवशी दिसले की माझा श्वास मोकळा होई, आणि दोन तासांनी स्वतःची लाज वाटू लागे.

त्या सोमवारनंतर एक नवी रीत सुरू झाली. काम पूर्ण झाले की मास्तर स्वतः चाक घेऊन माझ्या टेबलाशी येत, खडू ठेवत आणि म्हणत, “मोजा साहेब, मी थांबतो.” आवाजात टोमणा नसे. मी मोजत असे आणि ते उभे राहत, पंधरा दाते असोत की दीडशे. मोजून झाले की “बरं” म्हणून निघून जात. बन्सी थोरातांनी एकदा चेष्टा केली की साहेबांना पाढे येत नाहीत म्हणून मास्तर पहारा देतात. मास्तर म्हणाले, “पहारा न्हाई रं. सोबत.” मी निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून न मोजलेले एकही चाक कारखान्याबाहेर गेले नाही. माझ्या कारकिर्दीची जी काही प्रतिष्ठा आहे ती त्या उभे राहण्यातून आलेली आहे.

तीन वर्षांनी ते कायम झाले आणि पुढे फोरमनही. तेव्हाची एक गोष्ट त्यांच्या स्वभावाविषयी सांगण्यासारखी आहे. त्यांच्या विभागात सहा कामगार होते आणि कामाचे दिवसही सहा. तेलाची टाकी साफ करण्याचे घाण काम पाळीपाळीने होई, त्यामुळे शनिवार नेहमी एकाच माणसाच्या वाट्याला येई आणि त्याला गावी जायची गाडी चुके. त्यांनी पाळीत स्वतःचे नाव घातले. सहा दिवस आणि सात माणसे. सहा आणि सात सहमूळ, एकाखेरीज दोघांचा सामाईक विभाजक नाही. शनिवार फिरत फिरत सर्वांकडे जाऊ लागला. फोरमनने टाकीत उतरणे मालकांना पसंत पडले नाही. मास्तरांनी सांगितले की सातवा माणूस मिळेपर्यंत मीच सातवा. तो कधी मिळाला नाही, आणि गेल्या महिन्यापर्यंत ते पाळी आली की टाकीत उतरत होते.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना विचारले की त्या सोमवारी तुम्ही बोलला का नाहीत. पवनेच्या पुलावर आम्ही दोघेच होतो. पाण्याकडे पाहत ते म्हणाले, “साहेब, तुमाला काढलं असतं तर टेबलावर दुसरा कोन तरी आला असता. त्योबी येकदा न मोजता सोडनारच. तुमचं सोडून झालं व्हतं. तुमी पुन्यांदा सोडनार न्हवता.” मग म्हणाले, “आता त्ये काढू नका. झालं.”

तेव्हा मी तसा शब्द दिला होता, आणि आज तो मोडत आहे. हा लेख समितीकडे देण्यापूर्वी मी त्याची एक स्वाक्षरित प्रत कारखान्याच्या कार्यालयात दिली आहे, आणि सोबत अर्ज जोडला आहे की श्री. ओव्हाळ यांच्या सेवापुस्तकातील तो शेरा खोडावा व त्याच्या जागी तपासनीस दामले यांनी तीन चाकांचे दाते न मोजता शिक्का मारला असे लिहावे. जुने मालक आज हयात नाहीत. नव्या व्यवस्थापकांनी अर्ज ठेवून घेतला, पाहतो म्हणाले. त्यानंतर मी दोनदा चिंचवडला जाऊन आलो. महिना संपायला नऊ दिवस आहेत. उत्तर आलेले नाही. हा ग्रंथ आपल्या हातात पडेपर्यंत ते आले असेल की नाही, हे मला ठाऊक नाही. आणि मास्तर हे वाचतील तेव्हा माझ्याशी बोलतील की नाही, याची मला अर्जापेक्षाही अधिक धास्ती आहे.

समितीने शुभेच्छा देऊन लेख संपवावा असे सुचवले आहे. मास्तर, साठ या संख्येला बारा विभाजक आहेत. शंभरापर्यंत याहून अधिक विभाजक कोणत्याही संख्येला नाहीत. आपले आजवरचे आयुष्य तसेच गेले. ज्याने मागितले त्याला भाग मिळाला, आणि माझ्या वाट्याला तर तीन वर्षे आली, जी मी मागितली नव्हती आणि परतही केली नाहीत. आता आपल्याला एकसष्टावे लागेल. एकसष्ट ही मूळ संख्या आहे. ते वर्ष कोणाला वाटून देऊ नका. आपल्या पत्र्यावर तिच्याभोवती वर्तुळ आहे.

त्यापुढची वर्षेही मोजायची आहेत. मी आता एकाहत्तर वर्षांचा आहे, बोटे थरथरतात, पण मोजणे मी आपल्यासमोर शिकलो आणि ते विसरलेलो नाही. एकशे सत्तावीसपर्यंत, एकही न वगळता, मोजायची माझी तयारी आहे. मास्तर, मी मोजतो. आपण थांबावे.